वय वर्षे २२, दिसतं वय १४ : तुम्ही काय उत्तर देता?

जांभळी_बोटं | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, दोन वर्षं वाचनमात्र होते, आज राहवलं नाही.

मी २२ वर्षांची. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतेय, दुसरं वर्ष. उंची चार फूट दहा इंच. वजन लिहीत नाही, आई इथे वाचत असते. गाल भरलेले, आणि फोनवर पलीकडचा माणूस हमखास "बाळा, घरात कुणी मोठं आहे का?" विचारतो.

आज कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईड मागायला गेले. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "अकरावीचं सगळं ऑनलाइन असतं. आईबाबांना घेऊन ये." म्हटलं, मी एमएस्सी पार्ट टूला आहे. तर त्यांनी आतल्या मॅडमना हाक मारली, "अहो, जरा बघायला या!" मॅडम आल्या, त्यांनी बघितलं, "अगं बाई, कित्ती गोड" म्हणाल्या आणि गेल्या. बोनाफाईड उद्या मिळेल.

येताना बसमध्ये दुसरा अंक. ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून ओळखणं) करताना क्रिस्टल व्हायोलेट हे जांभळं द्रावण बोटांना लागतं, ते दोन-तीन दिवस काही केल्या जात नाही. शेजारच्या आजींनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "एलिमेंटरीची परीक्षा होती का गं?" मी हो म्हटलं. चारच थांबे राहिले होते, कशाला वाद? "कसे गेले पेपर?" "स्थिरचित्र बरं गेलं, आजी." त्यांनी पिशवीतून एक चिक्की काढून दिली.

चिक्की खाल्ली, पण घरी येऊन रडूही आलं, खरं सांगते.

तर प्रश्न असा : तुमच्या बाबतीत असं होत असेल (किंवा कॉलेजात असताना होत असे) तर तुम्ही काय करता? हसून सोडता, भांडता, की सरळ आयडी काढता? आणि कृपया "पुढे फायदा होईल" कुणी लिहू नका.

---

आडवातिडवा | सोमवार, रात्री १०:१९

आधी फोटो टाका, मग ठरवू.

---

कर्वेनगरची_ताई | सोमवार, रात्री १०:३१

@आडवातिडवा, मुलगी काय म्हणतेय आणि तुम्ही काय मागताय?

जांभळी, तू नको म्हटलंस तरी लिहितेच : पुढे फायदा होतो गं. मी ४६ची आहे. परवा भाजीवाल्याने मला "ताई" आणि शेजारच्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान बाईला "मावशी" म्हटलं. मी त्याच्याकडून नको असलेलं अर्धा किलो गवार घेतलं.

---

जांभळी_बोटं | सोमवार, रात्री १०:३८

ताई, तुमची गवार होईपर्यंत मला अजून चोवीस वर्षं आहेत. बोनाफाईड उद्या हवंय.

---

आडवातिडवा | सोमवार, रात्री १०:४०

हलके घ्या हो. माघार. फोटो नको.

---

पेठेतला_पाहुणा | सोमवार, रात्री ११:०५

मूळ गाव परभणीकडचं. सहा वर्षं सदाशिव पेठेत राज्यसेवेचा अभ्यास करतोय. वय २७. दाढी येत नाही, जी येते तिला दाढी म्हणणं हा दाढीचा अपमान आहे.

मी ज्या मेसला जेवतो तिथल्या काकू मला सहा वर्षं एक पोळी जास्त वाढतात. "घे रे, वाढतं वय आहे." सुरुवातीला मी सांगायचो, काकू, मी पदवीधर आहे. नंतर सांगायचं बंद केलं. दुसऱ्या मुलांना एक्स्ट्रा पोळीचे पैसे पडतात. अभिमान आणि पोळी यात मी पोळी निवडली.

पण एक गंभीर गोष्ट. मला वयाचा त्रास होत नाही, 'तू'चा होतो. अभ्यासिकेत माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण मिशीवाला मुलगा येतो. त्याला मालक म्हणतात, "अहो सर, तुमची फी राहिलीय." मला म्हणतात, "ए, फी आण उद्या." आम्हा दोघांचीही फी राहिलेली असते.

---

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री ११:२०

आमच्या कोल्हापुरात ह्यो प्रश्नच न्हाई. लहान-मोठं सगळ्यास्नी एकच माप. मी पुण्यात शिकायला आलो (होय, मी मुलगी आहे, आम्ही असंच बोलतो) तेव्हा दुकानदार मला "आपल्याला काय हवंय?" म्हणाला. मला वाटलं, काय मान दिला! रूममेटनं सांगितलं, बाई, पुण्यात 'आपण' आलं की समज, तो तुला हाकलायलाय.

---

कलम_कसाई | सोमवार, रात्री ११:२६

=)) हसून हसून पुरेवाट. पुण्यात 'तू' म्हणजे माया, 'तुम्ही' म्हणजे व्यवहार आणि 'आपण' म्हणजे दुकान दुपारी बंद असतं.

---

टक्कलराव | मंगळवार, सकाळी ७:१५

धागा वाचून गहिवरलो. माझं उलटं. एफवायला होतो तेव्हाच पुढचे केस गेले. वय १८. कॉलेजच्या दारात वॉचमन म्हणाला, "पालकसभा दुसऱ्या मजल्यावर." मी गेलो. चहा आणि सामोसा होता. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तुमचा कोणत्या वर्गात?" म्हटलं, एफवाय बी. ते म्हणाले, "लक्ष ठेवा हो, ती तुकडी वाईट आहे." त्या तुकडीत मी होतो.

जांभळीताई, आपण दोघं वयाची बेरीज करून भागिले दोन करू.

---

फाटकं_तिकीट | मंगळवार, सकाळी ९:०२

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं, त्यातली बरीच स्वारगेटला. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. त्यामुळे चेहऱ्यावरून वय ओळखणं हा त्यांचा रोजचा धंदा होता, त्यांच्या बाजूने लिहिते.

बाबा कधीच वय विचारत नसत. वय आईने घरून पढवून पाठवलेलं असतं, "कंडक्टरकाकांनी विचारलं तर अकरा सांग." बाबा विचारायचे, "कितवीत आहेस रे?" यत्ता पोरगं छाती काढून सांगतं. "आठवी अ!" की आईचा चेहरा खिडकीकडे आणि बाबांच्या हातात फुल तिकीट.

आता माझी गोष्ट. मी तेव्हा एसवायला, वय १९, अंगकाठी तुमच्यासारखीच. पुण्याहून साताऱ्याला एकटी निघाले होते. बाबांच्या ओळखीचे नसलेले एक कंडक्टर आले, माझ्याकडे बघितलं, काही न विचारता अर्धं तिकीट फाडून हातात दिलं. मी आनंदाने घरी सांगितलं. बाबा जेवत होते, जेवायचे थांबले. दुसऱ्या दिवशी ते मला स्वारगेटला घेऊन गेले, साताऱ्याचं एक अर्धं तिकीट काढायला लावलं आणि तिथेच फाडायला लावलं. "आता महामंडळाचं देणं फिटलं." आयडीचं नाव त्यावरून.

पण त्यांनी एक वाक्य सांगितलं होतं ते जांभळीसाठी : "मी मोठी आहे म्हणून फुल तिकीट द्या, असं कुणी म्हणालं तर पुरावा मागायचा नाही. जास्त पैसे द्यायला खोटं कोण बोलतं?"

---

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, सकाळी ९:३०

@फाटकं_तिकीट, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. आता सहा वर्षांच्या पोळ्यांचा हिशोब करायला घेतलाय. झोप उडाली.

---

कलम_कसाई | मंगळवार, सकाळी ११:४८

थोडं कायद्याचं, कारण अशा दिसणाऱ्या लोकांना सगळ्यात जास्त अडवतात ते चौकात.

बिनगियरची गाडी १६व्या वर्षी चालवता येते हे लोकांना अर्धवट माहीत असतं. ती सवलत ५० सीसीपर्यंतच आहे. आपल्या रस्त्यांवरच्या स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या, म्हणजे १८ पूर्ण आणि लायसन हवंच. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे २०२४मध्ये कल्याणीनगरचा अपघात झाला, त्यात गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्यानंतर ट्रॅफिकचे मामा लोक लहान चेहरा दिसला की शिट्टी मारतात. त्यात मला चूक दिसत नाही.

डिजिलॉकरमधलं लायसन चालतं. फोन चार्ज ठेवा. आयडी काढणं यात अपमान नाही.

---

जांभळी_बोटं | मंगळवार, दुपारी १:१०

@कलम_कसाई, अलका चौकात मला महिन्यातून दोनदा थांबवतात, मी निमूट लायसन दाखवते. त्याबद्दल तक्रारच नाही. मामांचं ते कामच आहे. माझी तक्रार लायसन बघून झाल्यावरच्या वाक्याची आहे. "खरंच तुझंच आहे का गं? ताईचं नाही ना?" लायसनवर माझा फोटो आहे. म्हणजे पुरावा हातात देऊनही चेहराच जिंकतो.

आणि फाटकं_तिकीट, तुमच्या बाबांचं वाक्य मी लिहून घेतलंय.

---

कलम_कसाई | मंगळवार, दुपारी १:२२

हं. हा मुद्दा मान्य.

अवांतर : वकिली सुरू केली तेव्हा एक अशील माझ्या टेबलासमोर अर्धा तास बसून होता. शेवटी मला म्हणाला, "बाळ, वकीलसाहेब कधी येतील?" फी बुडाली.

---

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी ३:४०

बारीक चण आणि कोवळा चेहरा असलेल्यांनी थेट नाटकात या!

पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत सगळ्या भूमिका कॉलेजच्याच मुलांनी करायच्या. एकांकिकेत लहान मूल असलं की वर्गातला सगळ्यात बारका शोधतात. आमच्या कॉलेजात तो मी. तीन वर्षं भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर मी अनुक्रमे बंड्या, छोट्या आणि नुसताच 'मुलगा' होतो. शेवटच्या वर्षी दिग्दर्शकाला म्हटलं, मला बापाची भूमिका दे. त्याने दिली. मिशी चिकटवली, धोतर नेसलो, एंट्री घेतली. प्रेक्षागृहातून, जिथे एरवी "आव्वाज कुणाचा" चालू असतं, तिथून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "अय्या, गॅदरिंगमधला शिवाजी." संपलं.

---

तांबडा_पांढरा | मंगळवार, दुपारी ३:५५

ठार झालो =))

---

टक्कलराव | मंगळवार, संध्या. ५:२०

आपल्या पुण्यात तर पदवीच तशी आहे. नारायणराव राजहंसांना लहानपणी टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं असं सांगतात. माणूस १८८८चा, गेला १९६७ला, तोपर्यंत बालच. वर दुसऱ्याच वर्षी जंगली महाराज रस्त्यावर रंगमंदिर झालं, तेही बालच.

---

आडवातिडवा | मंगळवार, संध्या. ५:३१

आणि तिथे मोठ्यांची नाटकं लागतात म्हणून आमच्या चिरंजीवांनी पहिल्यांदा गेल्यावर भोकाड पसरलं होतं. त्याला जादूचे प्रयोग हवे होते.

---

हाडवैद्य | मंगळवार, रात्री ९:१५

क्ष-किरण विभागात काम करतो, नाव त्यावरून. (हाडवैरी असंही म्हणतात, बिल आल्यावर.)

वय चेहऱ्यावरून ओळखणं किती बेभरवशाचं आहे ते सांगतो. कोर्टात एखाद्याच्या वयाचा वाद आला आणि कागद नसले तर मुलं आमच्याकडे येतात. आम्ही दात बघतो आणि हाडं बघतो. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, वाढ पूर्ण झाली की त्या हाडाला जोडल्या जातात. मनगट आणि हाताच्या फोटोत ते छान दिसतं. पण अठराएकोणीसपर्यंत मनगट पूर्ण जुळून जातं, पुढे ते काही बोलत नाही. मग कॉलरबोनचं छातीकडचं टोक बघायचं, ते सगळ्यात उशिरा, विशीत जुळतं. इतकं करूनही आम्ही रिपोर्टात अमुक ते अमुक अशी दोन वर्षं लिहितो, एक तारीख लिहीत नाही. आणि खिडकीतले गृहस्थ दोन सेकंदांत 'अकरावी' म्हणून मोकळे.

चेहरा लहान दिसण्याची कारणं साधी असतात. गालांवरची चरबी टिकून राहणं, हनुवटी लहान असणं, बुटकी चण, बारीक आवाज. बहुतेक वेळा घराण्यात असतं. तुमच्या आईचा कॉलेजातला फोटो काढून बघा. वयात येणं वेळेवर झालं असेल, पाळी नियमित असेल, तर काळजीचं काही नाही. तसं नसेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा. आणि उंची वाढवायच्या पावडरी विकत घेऊ नका, जुळलेलं हाड पावडरीने उघडत नाही.

---

जांभळी_बोटं | मंगळवार, रात्री ९:४०

आईचा फोटो काढला. फर्ग्युसनच्या पायऱ्यांवर पाच मैत्रिणी, आणि मधे एक शाळकरी मुलगी. ती शाळकरी मुलगी म्हणजे आई.

आई (वाचतेय) म्हणते, "मला नाही कधी रडू आलं." तेव्हा एकविसाव्या वर्षी लग्न झालं होतं तिचं, मंगळसूत्र बघून लोक गप्प बसायचे म्हणे. हा उपाय कुणी सुचवू नये.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री १०:२५

मी धागा सकाळपासून वाचतो आहे. एक जुनी आठवण लिहितो.

मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक आली. मी तेव्हा तरुण शिक्षक, पुण्यातल्या एका मनपा शाळेत केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक. अठरा ते वीस वयाची पोरं पहिल्यांदाच रांगेत उभी होती आणि पक्षांच्या एजंटांची नजर अजून सरावलेली नव्हती. बिनमिशीचा चेहरा आला की एजंट उठायचा, "साहेब, हे पोर आहे!" मतदार वयाने फारच लहान वाटला तर त्याच्याकडून वयाबद्दल घोषणापत्र लिहून घ्यायची सोय असते. मी घेत होतो.

दुपारी एक मुलगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी. मी म्हटलं, बाळ, वय किती? ती म्हणाली, १९. मी घोषणापत्राचा कागद पुढे केला. तिने पूर्ण वाचला, सही केली आणि विचारलं, "सर, मघाशी आत गेलेल्या आजोबांकडून का नाही घेतलं?" मी म्हटलं, ते मोठे दिसतात. ती म्हणाली, "यादीत माझंही नाव आहे. यादी बघायची की रिबिनी?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अनेक निवडणुका केल्या. आधी यादी बघायची आणि मग मान वर करायची, अशी सवय लावून घेतली.

---

फाटकं_तिकीट | मंगळवार, रात्री १०:३३

मास्तर, __/\__

---

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, रात्री १०:३६

+१. आणि तुम्ही त्या मुलीला 'बाळ' म्हटलंत हे प्रांजळपणे लिहिलंत, त्याबद्दल आणखी +१.

---

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री १०:५०

मूळ प्रश्नावर कुणी येतंय का? जांभळी, एक उपाय : पाठीवरची सॅक टाक, खांद्याला पर्स लाव. सॅक बघून लोक शाळेत घालतात.

---

जांभळी_बोटं | मंगळवार, रात्री १०:५८

करून झालंय. रिक्षावाले काका म्हणाले, "आईची पर्स नीट धर, पडेल."

साडीही नेसून झालीय. "गॅदरिंग आहे का गं?"

---

कर्वेनगरची_ताई | बुधवार, सकाळी ६:५०

परवा पहिल्या प्रतिसादात "फायदा होतो" लिहून झोपले आणि मग झोप लागली नाही, तेव्हा खरं ते लिहिते.

मी बँकेत अधिकारी म्हणून लागले तेव्हा २४ची होते. कर्जाच्या टेबलवर बसायचे. येणारा प्रत्येक जण उभ्याउभ्याच विचारायचा, "मोठे साहेब कुठायत?" एकदा एका गृहस्थांचे कागद अपुरे होते, मी तसं सांगितलं. ते माझ्या शिपायाकडे वळून म्हणाले, "हिला काही कळत नाही, साहेबांना बोलवा." शिपाई माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "हेच साहेब आहेत," आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून माझ्यापुढे ठेवला. गृहस्थ बसले. मी कागद परत केले.

दोन वर्षं मी जाड काड्यांचा, नंबर नसलेला चष्मा घालून ऑफिसला गेले. कुणाला माहीत नाही, आज इथे लिहितेय. गवार वगैरे सगळं नंतरचं. तेव्हा फायदा काही नव्हता, जांभळी. मी विसरले होते.

---

जांभळी_बोटं | बुधवार, सकाळी ७:०५

ताई. काही लिहिता येत नाहीये. थँक्यू.

---

आडवातिडवा | बुधवार, सकाळी ९:१०

पहिला प्रतिसाद माझाच होता, लाज वाटली. संपादकांनी तो उडवला तरी चालेल.

---

कलम_कसाई | बुधवार, सकाळी ९:१२

राहू दे. पुरावा आहे.

---

जांभळी_बोटं | बुधवार, रात्री ८:४५

बोनाफाईड मिळालं! त्यावर जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांतही लिहिलेली असते. एक झेरॉक्स लॅमिनेट करून पाकिटात ठेवलीय. खिडकीतल्या गृहस्थांना मी "फुल तिकीट मागतेय, खोटं कशाला बोलू?" असं म्हणून पाहिलं. त्यांना काही कळलं नाही, पण "घ्या" म्हणाले. 'घे' नाही, 'घ्या'.

आता खरी गंमत. या सत्रात मला एफवायच्या एका बॅचची प्रॅक्टिकल्स घ्यायला दिली आहेत, आज पहिला दिवस. मी दहा मिनिटं आधी जाऊन मागच्या स्टुलावर बसून हजेरीपत्रक भरत होते. एक मुलगा आला, शेजारचं स्टूल ओढलं आणि म्हणाला, "ए, तुझं जर्नल पूर्ण आहे? दे ना पटकन. नवीन मॅडम येणारेत, लई खडूस आहेत म्हणे."

मी विचारलं, "कोण म्हणालं?"

"सगळेच. तू कुठल्या बॅचची?"

तेवढ्यात लॅबचे मामा स्लाइड्सचा ट्रे घेऊन आत आले आणि म्हणाले, "मॅडम, सुरू करायचं का?"

त्याने आधी मागे वळून बघितलं, मागे भिंत होती. मी उठले, ॲप्रन चढवला, हजेरी घेतली. ग्रॅम स्टेनिंगच शिकवायचं होतं. शेवटी सगळ्यांची बोटं जांभळी झाली, त्याचीही. जाताना तो दारात घुटमळला आणि म्हणाला, "सॉरी मॅडम, तुम्ही... म्हणजे..."

मी म्हटलं, जर्नल दाखव.

अपुरं होतं.